हिबारीचं दार

७ ऑक्टोबर १९९६, सोमवार

दुसरं प्रकरणही परत आलं. वाकुईसाहेबांची लाल पेन्सिल पानापानावर फिरली आहे. जिथे जिथे मी खरं लिहिलं, नेमकं तिथेच.

मी लिहिलं होतं — आमचे संस्थापक कुमेझो असाहिना चिडले की हातातला पाना फेकून मारायचे. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना तो पाना लागला त्यांतले दोघे अजून हयात आहेत, एकाच्या कपाळावर खूण आहे. त्याचं साहेबांनी केलं — 'संस्थापक कामाच्या बाबतीत अत्यंत आग्रही होते.'

मी लिहिलं होतं — लढाई संपल्यावर जी पहिली तीनचाकी बनवली, तिची चाकं मोडीत पडलेल्या विमानांची होती आणि ती कुंपणाच्या फटीतून बाहेर काढली होती. त्याचं झालं — 'उपलब्ध साधनांचा कल्पक वापर.'

मी म्हटलं, "साहेब, सरळ चोरी म्हणा ना."

"हिराइवाबाई, कंपनीच्या पन्नाशीचा ग्रंथ आहे हा. पोलिसातली फिर्याद नव्हे."

चौतीस वर्षं असाहिना मोटरमध्ये काढली. त्यातली तेहतीस गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहिण्यात गेली. आता इतिहास विभाग. विभाग म्हणजे मी, वाकुईसाहेब आणि चहाची किटली. साहेब आधी विक्रीत होते. त्यांना अजून प्रत्येक वाक्य विकायचं असतं.

८ ऑक्टोबर

माझी थोरली बहीण किनुएताई सकाळी मिसोचं सूप ढवळता ढवळता म्हणाली, "मोटारींच्या आधी तुमच्या कंपनीत माग बनायचे. आम्ही दोनशे मुली होतो तिथे. आमच्यावर किती पानं?"

दीड ओळ आहे. तिला सांगितलं.

"अर्धी ओळ कुणाची?" — तिने विचारलं. मला हसू आलं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून सहावं प्रकरण. 'मालकांचे बोल.' लोकांनी पन्नास वर्षांत गाड्यांबद्दल जे जे लिहून पाठवलं त्यातलं निवडक. तीन पोती कार्डं आहेत. निम्म्याहून जास्त हिबारीची.

हिबारी म्हणजे चंडोल. १९६० साली निघाली. ज्यांना मोटार घ्यायचं स्वप्नसुद्धा पडत नव्हतं त्यांनी ती घेतली. एवढीशी, गोल पाठीची, इंजिन मागे. दारं उलटी — बिजागरी मागच्या बाजूला, मूठ पुढे. बसताना कपाटात शिरल्यासारखं वाटायचं. पण काय जीव लावला लोकांनी तिला!

एक सुईण लिहिते — "चढ आला की मी उतरून ढकलते. ती वर पोचली की मी बसते. आजवर अठ्ठेचाळीस बाळंतपणं आम्ही दोघींनी मिळून केली."

मासेविक्या — "हिचा हीटर म्हाताऱ्याच्या श्वासासारखा. चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं."

शाळामास्तर — "आवाज इतका की गाडीत बायकोशी भांडता येत नाही. आमचा संसार त्यामुळे टिकला. कंपनीचे आभार."

दिवसभर एकटीच हसत होते. चार वाजता साहेब आले. सुईण त्यांना आवडली. फक्त ढकलणं काढायचं म्हणाले.

ढकलणं काढल्यावर त्या बाईचं उरलं काय? मास्तर गेला, मासेवाला गेला. जे लोक गाडीवर खरं प्रेम करत होते ते तिला नावं ठेवत होते, एवढं कळत नाही या माणसाला. नुसती गोडगोड कार्डं ज्यांनी पाठवली त्यांनी बहुतेक दोन वर्षांत गाडी विकली असेल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

एका न्हाव्याची कार्डं सापडली. कियोमित्सु सेनो, गाव कामियुरा — इथून वर, डोंगरात. १९६४ पासून यंदापर्यंत दरवर्षी एक. सगळी एकोणीस मेची. तेहतीस कार्डं, आणि प्रत्येकावर तोच मजकूर — "हिबारी उत्तम चालते आहे. तिच्यात कसलाही दोष नाही."

बस. हवापाण्याबद्दल नाही, तब्येतीबद्दल नाही.

साहेबांनी कार्डं टेबलावर ओळीने मांडली आणि हात चोळले. "बाई, हा खरा मालक. जाऊन भेटा. गाडी अजून असेल तर दोन पानी फोटो घेऊ."

२३ ऑक्टोबर, बुधवार

कामियुराला जाऊन आले. लगेच लिहिते.

बसने दीड तास. दुकान स्टॉपसमोरच. सेनो-सान सदुसष्ट वर्षांचे, पाठ ताठ, पांढरा डगला इस्त्रीचा. मी वही काढली तर म्हणाले, "ते ठेवा आत. लांबून आलात, तोंडावरची लव काढून देतो. खुर्चीतल्या माणसाशीच मला बोलता येतं. सवय आहे."

नको कसं म्हणणार? बसले. त्यांच्या बायकोने, सुमिएबाईंनी, गरम टॉवेल आणून दिला. एक शब्द बोलल्या नाहीत. मान तुकवली आणि पडद्यामागे गेल्या.

मग त्यांनी वस्तरा घेतला आणि सांगायला लागले. माझे डोळे मिटलेले. वस्तरा गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यावर. आणि हा माणूस, गिऱ्हाइकाला पावसाचं सांगावं तसं, आपल्या मुलीचं मरण सांगत होता.

नात्सुए. चार वर्षांची. १९६३ चा एकोणीस मे, रविवार. गाडी घेऊन आठ महिने झाले होते. दोघं बापलेक तिच्या आत्याकडे निघाले. मुलगी शेजारच्या सीटवर, डावीकडे. टपालकचेरीपाशी त्यांच्या लक्षात आलं की तिचा झगा दारात अडकलाय. गाडी थांबवली, उतरले, दार उघडलं, झगा आत घेतला, दार लावलं.

"खालच्या उजव्या वळणावर दार उघडलं," ते म्हणाले. "वारा भरला आणि दार पूर्ण मागे गेलं. मी हात घातला. हातात झगा आला."

वस्तरा क्षणभरही थांबला नाही.

"नीट लावलं नसणार मी. घाईत होतो."

मी हलू शकत नव्हते, बोलू शकत नव्हते. त्यांनी तोंड पुसलं, क्रीम लावलं, खुर्ची सरळ केली. मग मी विचारलं, "आणि तरी गाडी ठेवलीत?"

"गाव म्हणत होतं जाळून टाक. पण गाडीची काय चूक? मी तेव्हा तुमच्या कंपनीला विचारलं होतं. उत्तर आलं. दार आपोआप उघडत नाही म्हणून."

"आणि ही कार्डं?"

त्यांनी वस्तरा पुसून ठेवला. "त्या तारखेला काहीतरी लिहावंसं वाटतं. मुलीला पाठवता येत नाही."

गाडी मागच्या छपराखाली आहे. दुधाच्या सायीच्या रंगाची, लखलखीत. आठवड्यातून एकदा ते ती टपालकचेरीपर्यंत नेतात आणि परत आणतात. सुमिएबाई तीत कधी बसत नाहीत. बसने जातात. स्टॉपवर एक आजीबाई मला म्हणाल्या, "तिने नवऱ्याला माफ केलेलं नाही. करणार तरी कशी?"

२४ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, खरंच ऐकत होते, डोळे खाली. मग म्हणाले, "फार वाईट झालं."

आणि पाच मिनिटांनी — "मुलीचा उल्लेख नको. 'तिच्यात कसलाही दोष नाही' हे मथळ्यासाठी ठेवू. एकोणतीस नोव्हेंबरला फोटोवाले पाठवतो."

मी म्हटलं, "साहेब, ते वाक्य त्यांनी गाडीचं कौतुक म्हणून लिहिलेलं नाही. दोष माझा, असं लिहिलंय त्यांनी. तेहतीस वेळा."

"वाचणाऱ्याला कुठे माहीत?"

घरी येताना भाजी घ्यायची विसरले. इतका संताप झाला होता.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस तळघरातली जुन्या तक्रार विभागाची खोकी उपसत होते. सेनो-साननी विचारलं होतं म्हणतात, तर पत्र असायला हवं.

सापडलं. २ जून १९६३. मुलगी जाऊन दोन आठवडे झाले होते. रेघ न रेघ सरळ, न्हाव्याचं अक्षर. अपघाताबद्दल दोन ओळी आणि मग — "हिबारीचं दार नीट लावलेलं असूनही वळणावर आपोआप उघडू शकतं का? एवढंच कृपया कळवावं."

भरपाई मागितलेली नाही. राग नाही. एक प्रश्न.

आमचं उत्तर खाली टाचलेलं. १० जून. "आपल्या दुःखात सहभागी आहोत. हिबारीचं दार नीट लावलेलं असल्यास आपोआप उघडू शकत नाही. यापुढे दार लावताना काळजी घ्यावी, ही विनंती."

यापुढे काळजी घ्यावी! कुणासाठी घ्यायची होती त्याने?

हे कुणी लिहिलं म्हणून कोपऱ्यातला शिक्का बघितला. छोटा, लाल, गोल.

हिराइवा.

माझा.

१ नोव्हेंबर

आजारी आहे म्हणून फोन केला. खोटं. आजारी नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. अक्षर चांगलं म्हणून कंपनीने घेतलं होतं. विभागप्रमुखांनी नमुना दिला होता, त्यावरून उतरवायचं, फक्त नाव आणि 'दुःखात' की 'गैरसोयीत' एवढं बदलायचं. त्या वर्षी इतक्या वेळा लिहिलं की डोळे मिटून लिहिता आलं असतं. मला त्या न्हाव्याचं पत्र आठवत नाही. कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही. हे सगळ्यात वाईट.

आणि एक गोष्ट. एकाच दाराबद्दल पत्रावर पत्र येत होतं. एकदाही मनात आलं नाही — का?

५ नोव्हेंबर, मंगळवार

परत तळघर. दाराबद्दलची एक्केचाळीस पत्रं मोजली. बहुतेकांत कुणाला काही झालेलं नाही. एकीची भाजीची पाटी पडली, एकाचा कुत्रा. सगळ्यांना तेच उत्तर, सतरांवर माझा शिक्का.

मग चौथ्या खोक्याच्या तळाशी, दुरुस्ती विभागाच्या फायलीत, एक परिपत्रक. कंपनीच्या सगळ्या दुरुस्ती केंद्रांना. तारीख १८ फेब्रुवारी १९६३.

तारीख तीन वेळा वाचली. फेब्रुवारी. मे नव्हे, जून नव्हे.

"हिबारी, चासी क्रमांक ४००१ ते ११३००. दाराच्या खटक्याची जीभ आखूड आहे. खराब रस्त्यावर वळताना दार उघडण्याचा संभव. गाडी नेहमीच्या तेलपाण्यासाठी आली की खटका बदलावा. गिऱ्हाइकाला कारण सांगू नये."

सेनो-सानच्या गाडीचा क्रमांक मी वहीत घेतला होता. ९२१७.

परिपत्रक ब्लाउजच्या आत घालून घरी आणलं. चौतीस वर्षांत ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती.

९ नोव्हेंबर, शनिवार

निइझुमा-सानकडे गेले. दुरुस्ती विभागाचे तेव्हाचे उपप्रमुख, आता अठ्ठ्याहत्तर. अंगणात बसून पर्सिमॉनची फळं सोलत होते, वाळवायला टांगण्यासाठी. मलाही एक सुरी दिली.

परिपत्रक पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "अरे वा, मीच लिहिलंय हे."

"कितीने आखूड होती जीभ?"

हातातली साल त्यांनी माझ्यासमोर धरली. "एवढी. दीड मिलिमीटर. सपाट रस्त्यावर काही व्हायचं नाही. डोंगरातल्या रस्त्यावर गाडीचं अंगच पिळायचं, आणि जीभ सुटायची."

"दार नीट लावलेलं असलं तरी?"

"कितीही नीट लावा."

मग ते रंगात आले. दीड वर्षात सात हजार गाड्यांचे खटके बदलले म्हणे, आणि एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागू दिला नाही. "आम्हाला अभिमान होता त्याचा. वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही."

मी सेनो-सानचं सांगितलं. सुरी थांबली.

"मे महिना?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे कधी आली होती ती गाडी?"

"ऑगस्टमध्ये. मी नोंद बघितली. दोन्ही खटके नवे, फुकट. त्यांना वाटलं दुःख झालंय म्हणून कंपनीने सौजन्य दाखवलं."

त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. मग, "तेव्हा कळवायचा कायदा नव्हता, बाई. एकोणसत्तर साली आला."

कायदा नव्हता. तोंड तर होतं ना सगळ्यांना! पोस्टाची तिकिटं होती. मी होते, सुंदर अक्षराची, दिवसाला तीस पत्रं लिहिणारी. मला एवढंच सांगायला हवं होतं की हे लिही — दारावर भरवसा ठेवू नका, आमच्याकडे या.

निघताना त्यांनी सोललेली फळं बांधून दिली. घेतली नाहीत.

११ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांच्या टेबलावर सगळं मांडलं. पत्र, उत्तर, परिपत्रकाची झेरॉक्स. मूळ प्रत घरी आहे हे सांगितलं नाही.

त्यांनी दार लोटून घेतलं. वाचलं. चेहरा राखेसारखा झाला.

"हे वर गेलं तर ग्रंथ बंद पडेल."

"पडू दे."

"हिराइवाबाई, तुम्हाला काय हवंय?"

"सहाव्या प्रकरणात हे छापायचं. ते नसेल तर त्यांचं वाक्य छापायचं नाही. फोटो नाही. आपण त्या माणसाला एकदा खोटं सांगितलं, आता त्याच्याकडूनच ते खोटं आपल्या ग्रंथात वदवून घेतोय. लाज वाटायला हवी."

तेव्हा ते चिडले. वाकुईसाहेबांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "तीनशे बारा हिबारी विकल्यात मी. त्याच डोंगरात, गावोगाव फिरून. दार उघडून बायाबापड्यांना आत बसवायचो मी. मला काय छान वाटतंय असं वाटतं तुम्हाला?"

मग आवाज खाली आला. "पण त्याला काय देणार तुम्ही? तो माणूस कसाबसा शांत झालाय. सदुसष्टाव्या वर्षी त्याला राग नेऊन देणार? त्याचं तो काय करेल?"

प्रश्न खरा होता. तेवढ्यासाठी त्यांचा जास्तच राग आला.

१२ नोव्हेंबर

खोकी लगदा करायला गेली. साडेदहाला ट्रक आला, अकराला तळघर धुऊन काढलं होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ताईला सगळं सांगितलं. शिक्क्याचंही. ती चिमटीने आपली जांभळी लोकर उलगडत होती.

"सांगायचं की नाही म्हणतेस?"

"हो."

"तुला राग आलाय म्हणून सांगणार, की त्याला हवंय म्हणून?"

"माहीत नाही."

"मग त्याने काय मागितलं होतं ते बघ."

एवढंच कृपया कळवावं. त्याने हेच मागितलं होतं. तेहतीस वर्षं तो उत्तराची वाट बघत नाहीये, कारण त्याला वाटतं उत्तर मिळालं. चुकीचं उत्तर मी दिलं. बरोबरही मीच द्यायला हवं, तो त्याचं काहीही करो.

ताई म्हणाली, "काढून टाकतील तुला."

"टाकू देत. दोघींना पुरेल इतका तांदूळ आहे घरात."

"तांदूळ आहे. तुझी बडबड ऐकायला मी दिवसभर घरी आहे, तो प्रश्न आहे."

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या बसने कामियुरा. सुमिएबाई नव्हत्या. बुधवारी गुडघ्यांसाठी खालच्या दवाखान्यात जातात. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

सेनो-सान म्हणाले, "इतक्यात लव वाढली?"

मी म्हटलं, "आज तुम्ही बसा खुर्चीत."

ते हसले, पण बसले. मी समोर उभी राहिले. आधी शिक्क्याचं सांगितलं. त्या पत्रावर सही कंपनीची, पण अक्षर माझं. मग परिपत्रक हातात दिलं.

त्यांनी सावकाश वाचलं. बोट प्रत्येक ओळीखाली. तारखेपाशी थांबलं. क्रमांकापाशी थांबलं. गाडीचा क्रमांक त्यांना बघून यावा लागला नाही.

"म्हणजे नीट लावलं होतं तरी—"

"कितीही नीट लावलं असतं तरी. ज्याने हे परिपत्रक लिहिलं त्याच्या तोंडून ऐकलंय मी."

मला वाटलं होतं ओरडतील. रडतील. मी तयारीने गेले होते. मला हवंच होतं ते, खरं सांगायचं तर. कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवं होतं.

ते म्हणाले, "किती वर्षांच्या होता तुम्ही?"

"एकोणीस."

"अक्षर फार सुंदर होतं," ते म्हणाले. "मी तेव्हा विचार केला, इतक्या मनापासून ज्यांनी लिहिलंय ते खोटं कशाला सांगतील."

मी खाली वाकले, फरशीला कपाळ टेकवलं. किती वेळ ते माहीत नाही. ते उठा म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. शेवटी मीच उठले.

फोटोचं सांगितलं. ते वाक्य कंपनीला मथळ्यात हवंय हे सांगितलं. "तुम्ही नाही म्हणू शकता. किंवा हे परिपत्रक वर्तमानपत्राला देऊ शकता. मी माझ्या नावानिशी सांगेन, कुठेही, कुणासमोरही."

त्यांचं लक्ष नव्हतं. ते परिपत्रक पुन्हा वाचत होते, ओठ हलवत, पाठ करत असल्यासारखे.

"हा कागद मला एक दिवस द्याल?"

"तुमचाच आहे."

मग ते उठले, डगल्याची बटणं काढली, न्हाव्याच्या दुकानाची खूण असलेला बाहेरचा फिरता खांब बंद केला. सकाळचे अकरा वाजले होते. एक गिऱ्हाईक दाराशी आलं, त्याला म्हणाले, "आज नाही. आज मला बायकोला आणायला जायचंय." आणि बसच्या दिशेने चालायला लागले. माझा निरोपसुद्धा घेतला नाही.

बसमध्ये समोरच्याच सीटवर बसले होते, कागद कोटाच्या आत, वर हात. दवाखान्याच्या स्टॉपवर उतरले. मी पुढे आले.

काहीच झालं नाही असं वाटतंय. त्यांनी माझ्यावर रागावायला हवं होतं. कंपनीवर तरी. माझ्या वाट्याचा, त्यांच्या वाट्याचा, सगळा राग माझ्याकडेच राहिला, आणि तो माणूस मात्र बायकोला आणायला गेला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नऊ वाजता ऑफिसात फोन. बाईचा आवाज, मी आधी कधी न ऐकलेला. "मी सेनो. सुमिए."

म्हणाल्या, "टपालकचेरीपाशी थांबलो, दार उघडून पुन्हा लावलं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. गावालाही तेच सांगितलं. मलाही. गाडी थांबलीच नव्हती. मी आमच्या अंगणातून बघत होते, थेट वळणापर्यंत. हात हलवत होते."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. वाकुईसाहेब बघत होते.

"ते माझ्यासाठी खोटं बोलले हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तेहतीस वर्षं आम्ही त्यावर बोललो नाही. काल दवाखान्याच्या बाकावर त्यांनी तुमचा कागद माझ्या मांडीवर ठेवला."



"नात्सुएला सीटवर मी बसवलं होतं. दार मी लावलं होतं, हिराइवाबाई," त्या म्हणाल्या. आणि मग, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं —

"नीट लावलं होतं."